मंगळझेपेतली चौथी खुर्ची

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला ट्वायला, नॅडीन, डॉट आणि पेग मंगळावर जायला निघायच्या. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. वादळाची सूचना असो, गुडघा धरलेला असो, नाहीतर नातवंडं उत्तरेकडून येऊन ठाण मांडून बसलेली असोत. नॅडीनची निळी गाडी आमच्या वस्तीच्या फाटकातून बाहेर पडली की समजायचं, गुरुवार आहे. फ्लोरिडात म्हातारपण काढायला आलेली माणसं गोल्फ खेळतात, पत्ते कुटतात, तळ्याकाठी बसून मगरी मोजतात. या चौघींना गरगर फिरायला आवडायचं. ज्याची त्याची आवड.

करमणुकीच्या मोठ्या बागेतल्या त्या यंत्राचं नाव मंगळझेप. चौघांची एक कोठडी, अशा दहा कोठड्या मधल्या जाडजूड खांबाला हातांसारख्या जोडलेल्या. दार बंद झालं की सगळंच्या सगळं भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. आतल्या माणसाला फिरणं दिसत नाही. त्याला समोरच्या पडद्यावर आकाश दिसतं आणि छातीवर एखादा धष्टपुष्ट जावई येऊन बसल्यासारखं वजन जाणवतं. यंत्राला दोन बाजू आहेत. नारिंगी बाजू फिरते. हिरवी नुसती हलते, ती लहान मुलांसाठी, पोटुशा बायकांसाठी आणि नाजूक पोटाच्या पुरुषांसाठी. दाराशी आपण सांगू त्या रंगाचं कार्ड हातात देतात. नारिंगीत प्रत्येकाच्या समोर एक कागदी पिशवी खोचलेली असते, आणि ती शोभेची नसते.

कोठडीत प्रत्येकाला एक काम असतं. डावीकडून नॅडीन कप्तान, डॉट वैमानिक, पेग दिशा दाखवणारी, आणि अगदी उजवीकडे, चौथ्या खुर्चीत, ट्वायला इंजिनियर. शेवटी यान मंगळावर आदळायच्या बेतात असताना आवाज येतो, "इंजिनियर, आता!" आणि ट्वायलानं पिवळं बटण दाबायचं, की यानाचे ब्रेक लागतात. ट्वायलानं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ब्रेकच्या बाबतीत तिची चूक होणं शक्य नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही तिचा हात उशिरा पडला नाही. दार उघडलं की नॅडीन केस सारखे करत दर वेळी तेच म्हणायची, "ट्वायला नसती तर आज खड्ड्यात गेलो असतो गं बायांनो." आणि ट्वायलाला दर वेळी तेवढंच बरं वाटायचं. नवरा गेल्यापासून तिच्यावाचून अडेल असं जगात दुसरं काही उरलं नव्हतं. असलं कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण खरं तेच होतं.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी ती पलंगावरून उठली आणि घरच फिरायला लागलं. कानाच्या आत काहीतरी सुजलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, सहा महिने गरगर फिरणारं काही नको, आणि दर गुरुवारी दुपारी दीडला व्यायामाला यायचं. ट्वायलाला वाटलं, संपलं सगळं. पण तिच्या तीन मैत्रिणी तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि नॅडीननं जाहीर केलं, तू बरी होईपर्यंत आम्हीही हिरव्या बाजूला. "तुझ्या खुर्चीत परकी बाई बसलेली मला बघवायची नाही," असं म्हणून तिनं ट्वायलाला घट्ट धरलं. डॉट म्हणाली, आठवड्यातून एकदा फुकटात सुरकुत्या ताणून मिळायच्या, त्या आता सहा महिने लोंबतील, पण तुझ्यासाठी एवढं करू. ट्वायला त्या दिवशी रडली. उपकार कसे फेडायचे ते तिला एकाच रीतीनं ठाऊक होतं. त्या आठवड्यापासून दर गुरुवारी ती मोठ्या काचेच्या वाडग्यात केळ्याचं पुडिंग करून न्यायला लागली.

मग गुरुवारचा क्रम असा झाला. सकाळी चौघी हिरव्या बाजूनं मंगळावर जाऊन यायच्या. ती हिरवी सफर म्हणजे पाळण्यात बसून चित्रं बघितल्यासारखी, पण तिघी तोंड वाकडं करायच्या नाहीत. साडेअकराला झाडाखाली बसून पुडिंग खायच्या. सव्वाबाराला म्हाताऱ्या माणसांना नेणारी व्हॅन बागेच्या फाटकाशी यायची आणि ट्वायला व्यायामाला जायची. तिथे फोमच्या गादीवर एका पायावर उभं राहायचं, हात लांब करून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत मान डावी-उजवी हलवायची. पहिले दोन महिने तिला तिथेच उलट्या व्हायच्या. तिनं एकही वार चुकवला नाही. तिला त्या खुर्चीत परत जायचं होतं, आणि खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवलेली होती.

याच काळात आमच्या वस्तीत मार्लिस राहायला आली. मिनेसोटाची, अडुसष्ट वर्षांची, थंडीला कंटाळून आलेली. पोहायच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तिनं ट्वायलाला विचारलं की त्या मंगळझेपेत नेमकं होतं तरी काय, ऐकून तर धडकी भरते. ट्वायलाला दुसरं काय हवं होतं? तासभर तिनं पायऱ्यांवरच शाळा घेतली. आधी भरपेट खायचं नाही, पण उपाशीही जायचं नाही. चार खारट बिस्किटं खायची आणि जिभेखाली आल्याची गोळी ठेवायची. डोकं खुर्चीला टेकलेलंच हवं. बाजूच्या माणसाकडे बघायला मान वळवली की मेलात. आणि घाबरून डोळे मिटायचे नाहीत, सगळे तिथेच चुकतात. डोळे मिटले की पोटाला खरं काय ते कळतं. उडताना वजन येतं तेव्हा श्वास पोटातून घ्यायचा. मग एकदम वजन जातं, पोटात गुदगुल्या होतात, ते सगळ्यात सुंदर. शेवटी बटण दाबायचं असतं, तेव्हा हात आधीच जवळ ठेवायचा, कारण वजनामुळे तो उचलवत नाही. मार्लिसनं सगळं मन लावून ऐकलं. ट्वायलानं तिला आपल्याजवळची आल्याच्या गोळ्यांची डबीसुद्धा देऊन टाकली.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी डॉक्टरनं तिला सरळ रेषेत चालवलं, गोल फिरवलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाला, "जा, तुमच्या मंगळावर जा." सहा महिन्यांचे साडेपाचच झाले होते. ट्वायलानं कुणाला फोन केला नाही. तिला गुरुवारी तिघींना चकित करायचं होतं. चौघींना एकसारखे टीशर्ट करायचे आणि त्यावर चौघींचा जुना फोटो छापायचा, असा बेत तिनं परतीच्या व्हॅनमध्येच ठरवला.

फोटोचं असं होतं की मंगळझेपेत छातीवर सगळ्यात जास्त वजन असतं नेमक्या त्या क्षणी कोठडीतला कॅमेरा फोटो काढतो. गाल कानांकडे गेलेले, ओठ ताणलेले. आत बसलेल्या कुणाच्याही बागेच्या वार्षिक पासावर तो फोटो जमा होतो. अकरा वर्षांपूर्वी ट्वायलानंच चौघींचे पास एका खात्यात जोडले होते, कारण बाकीच्या तिघींना यंत्राचं काही जमायचं नाही. तेव्हापासून फोटो आपोआप जमा होत होते आणि कुणी तिकडे बघत नव्हतं. एकदा लावून दिलं की विसरायचं, ही आमच्या वस्तीची रीतच आहे. पाण्याचे फवारेसुद्धा आम्ही असेच लावून देतो आणि भर पावसात ते झाडांना पाणी घालत असतात.

मंगळवारी संध्याकाळी तिनं खातं उघडलं. सगळ्यात वरती नवीन फोटो असतात. पहिलाच फोटो मागच्या गुरुवारचा होता, खाली वेळ एक वाजून बेचाळीस मिनिटं, नारिंगी बाजू. नॅडीनचे गाल कानांकडे गेलेले. डॉट हसते आहे. पेगचा चष्मा कपाळावर चढलेला. आणि उजवीकडे, चौथ्या खुर्चीत, डोकं नीट टेकवून, डोळे उघडे ठेवून, हात बटणाजवळ तयार ठेवून मार्लिस बसली होती.

ट्वायलाला आधी वाटलं, एखाद दिवशी गेल्या असतील, जाऊ दे. तिनं खाली सरकवलं. त्याच्या आधीचा गुरुवार. त्याच्या आधीचा. नाताळच्या आधीचासुद्धा होता, त्यात मार्लिसच्या डोक्यावर लाल टोपी होती. एकूण सोळा फोटो. सगळे दुपारी दीड ते दोनमधले, म्हणजे ट्वायला गादीवर एका पायावर उभी राहून अंगठ्याकडे बघत असे तेव्हाचे. व्हॅन फाटकाबाहेर पडेपर्यंत या बायका झाडाखाली वाट बघत बसत होत्या. पोटात तिचं पुडिंग आणि मनात घड्याळ. केसानं गळा कापला होता, आणि तोही तिनंच शिकवून तयार केलेल्या बाईला बसवून.

त्या रात्री तिला नीट झोप आली नाही. फोन करून शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं, आणि काही न बोलता गुरुवारी घरीच बसावं असंही वाटलं. शेवटी बुधवारी तिनं केळी आणली आणि पुडिंग केलं.

गुरुवारी सगळं रोजच्यासारखंच झालं. हिरवी सफर झाली, झाडाखाली वाडगा उघडला. नॅडीननं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "बरी झालीस तरी हे बंद करू नकोस हं." ट्वायला तिच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं बायकांचे केस कापून पोट भरलेली ही बाई. आरशात समोरच्या बाईकडे बघत हवं ते गोड बोलायची सवय तिच्या हाडात मुरलेली. ट्वायलानं विचारलं, मी गेल्यावर तुम्ही काय करता गं? पेगनं चमच्याकडे बघितलं. डॉटला एकदम पाकिटातला रुमाल शोधायचा होता. नॅडीन मात्र सहज म्हणाली, "काय करणार? सावलीत बसतो आणि तुझी आठवण काढतो."

सव्वाबाराला ट्वायला उठली, हात हलवला आणि फाटकाकडे गेली. व्हॅन तिनं सकाळीच रद्द केली होती. स्मरणवस्तूंच्या दुकानात तिनं पाऊण तास काढला. मग फिरून मंगळझेपेच्या नारिंगी दाराशी, सूचनांच्या मोठ्या पाटीखाली जाऊन उभी राहिली. पाटीवर लिहिलं होतं की हृदयाचा, पाठीचा, मानेचा किंवा समतोलाचा त्रास असलेल्यांनी आत जाऊ नये.

सव्वा वाजता चौघी आल्या. मार्लिस पुढे होती, ती आल्याची गोळी चघळत होती. तिनं ट्वायलाला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. लगबगीनं येऊन तिनं ट्वायलाचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही आलात बघायला! मी नॅडीनला किती दिवस म्हणत होते, त्यांना एकदा तरी बोलवा. त्यांनी इतक्या मोठ्या मनानं खुर्ची मला दिली, आणि मी साधे आभारही मानले नाहीत."

"मी दिली?" ट्वायला म्हणाली.

"नॅडीन म्हणाली ना, तुमच्या कानाचं आता काही होणार नाही, डॉक्टरांनी कायमचं बंद सांगितलंय. तुम्हीच म्हणालात, मार्लिसला बसवा. फक्त माझ्यासमोर विषय काढू नका, वाईट वाटतं, असं..." बोलता बोलता मार्लिसला नॅडीनचा चेहरा दिसला आणि ती थांबली. बाई भोळी होती, पण मूर्ख नव्हती.

डॉट आणि पेग एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नॅडीननं हातातली पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली. सोळा फोटो बघूनही ट्वायलाला ही गोष्ट सुचली नव्हती. तिला वाटलं होतं, चोरून मजा केली असेल, मोह झाला असेल, माणसं आहेत. पण या तिघींनी तिला डिसेंबरातच पुरून टाकलं होतं. ती तिकडे एका पायावर उभी राहून परत यायची तयारी करत होती, आणि इकडे तिचं परत येणं कुणी धरलेलंच नव्हतं.

"अगं, ऐक," नॅडीन जवळ येत म्हणाली. "तू एकाहत्तरची. असलं कानाचं दुखणं परत येतं, माझ्या मावशीचं आलं होतं. तुला तोंडावर कसं सांगायचं? सकाळी तुझ्याबरोबर येत होतो ना आम्ही? एक तरी गुरुवार चुकवला?"

ट्वायलाचा आवाज चढला नाही. बसमधल्या दंगेखोर पोरांवरही ती कधी ओरडली नव्हती. ती म्हणाली, "मी एकटी हिरव्यात गेले असते, नॅडीन. तुम्ही नारिंगीत जा, असं मीच सांगितलं असतं. एकदा विचारलं असतंस तर. साडेपाच महिने मी तुझे उपकार मानत होते. दर बुधवारी केळी सोलत होते."

डॉट म्हणाली, चुकलं आमचं. पेगचे डोळे भरले. दुकानात एखादी बाई बोलेनाशी झाली की नॅडीन तिच्या केसांना हात लावायची, आज तिनं स्वतःच्याच केसांना लावला. ट्वायलानं पाकिटातून डॉक्टरची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. नॅडीननं ती वाचली आणि दुसऱ्यांदा वाचली. मग तिचा आवाज एकदम जुना, गुरुवारचा झाला. हे आधी नाही का सांगायचंस, चल, तुझी खुर्ची तुझीच आहे, आज धमाल. मार्लिस तोवर चौघींच्या पिशव्या गोळा करून मोकळी झाली होती. ती म्हणाली, मी बाहेर थांबते. ट्वायलानं तिच्याकडून दोन खारट बिस्किटं मागून घेतली आणि आत गेली.

कोठडीचं दार बंद झालं. खुर्चीची गादी तीच, समोर कागदी पिशवी तीच, गारठलेल्या हवेचा वासही तोच. ट्वायलानं डोकं टेकवलं. यंत्र फिरायला लागलं आणि छातीवर ते ओळखीचं वजन येऊन बसलं. गाल मागे गेले, श्वास पोटात उतरला. कान गप्प होता. डॉक्टरनं काम चोख केलं होतं. मग वजन गेलं आणि पोटात गुदगुल्या झाल्या, तेव्हा तिला रडू आलं, पण डोळे मिटायचे नसतात म्हणून तिनं ते उघडेच ठेवले. पलीकडून डॉट नेहमीसारखी किंचाळत होती. एवढं सुंदर होतं सगळं, आणि तिला त्यातलं काही कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

लाल जमीन वर यायला लागली. कोठडी थरथरली. आवाज आला, "इंजिनियर, आता!"

समोर पिवळं बटण लुकलुकत होतं. ट्वायलानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते तिनं तिथेच ठेवले.

"ट्वायला!" नॅडीन ओरडली. मान वळवायची नसते, म्हणून तिला बघता आलं नाही. "ट्वायला, बटण!"

बटण आणखी दोनदा लुकलुकलं आणि विझलं. मग एक शांत, गोड बाईचा आवाज म्हणाला की इंजिनियरचं काम आता संगणक करतो आहे. ब्रेक लागले. दर गुरुवारी लागायचे तसेच, तेवढ्याच धक्क्यानं, त्याच जागी. यान एका मोठ्या खड्ड्याच्या काठावर अलगद उभं राहिलं आणि पडद्यावर तिघींचं आणि तिचं नाव घेऊन अभिनंदन झालं.

दार उघडलं तरी कुणी उठेना. नॅडीन चाचरत म्हणाली, "विसरलीस होय? इतक्या दिवसांनी बसलीस, होतं असं."

"विसरले नाही," ट्वायला पट्टा सोडत म्हणाली. "माझ्यावाचून उतरतंय का, ते बघायचं होतं."

बाहेर मार्लिस पिशव्या सांभाळत उभी होती. ट्वायलानं तिच्या हातातून आपला काचेचा वाडगा घेतला. पेगनं तो निघताना नळाखाली धरला होता, पण घाईत. तळाला थोडं पुडिंग चिकटलेलंच होतं. मागून नॅडीनची हाक आली, गाडीतून सोडते, थांब. ट्वायला थांबली, वळली आणि म्हणाली, "खड्ड्यात गेलो नाही गं, नॅडीन." मग ती फाटकाकडे चालत गेली. तिथून घरी जायला बस होती, आणि बसनं कुठं कसं जायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.